सतरा नंबरचं एक युनिट

पाणीपुरवठा खात्याच्या चौकशीच्या खिडकीत मी सव्वीस वर्षं बसले. खिडकी म्हणजे काचेला पाडलेलं एक अर्धगोल भोक. लोक त्यातून बोलायला वाकायचे आणि मी ताठ बसून उत्तर द्यायचे. वाकलेल्या माणसांशी रोज आठ तास बोललं की अंगात शिष्टपणा मुरतो, तसा माझ्यात मुरला होता. 'खिडकीबाईंच्या तोंडी लागू नका' असं नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं आणि मला त्याचा चक्क अभिमान होता. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढे ते लागणार आहे.

सांगायचं आहे ते मात्र मीटरमामांविषयी. मामा आमच्या खात्यात मीटर रीडर होते. उंच, किडकिडीत, मान कायम पुढे काढलेली. तीस वर्षं लोकांच्या मोऱ्यांत, जिन्याखाली आणि कुंड्यांच्या मागे डोकं घालून आकडे वाचले की मान तशीच राहते. खांद्याला पिशवी, पिशवीत वही, टॉर्च, एक फडकं आणि काठीला तारेने बांधलेला गोल आरसा. एखादा मीटर भिंतीकडे तोंड करून बसवलेला असला की मामा तो आरसा आत सरकवायचे आणि उलटे आकडे सुलटे वाचायचे. आधी फडक्याने काच पुसायची, मग वाचायचं, पुन्हा एकदा वाचायचं, आणि मगच लिहायचं. बाकीचे रीडर उन्हाचे टपरीवर बसून मागच्या आकड्यात सात-आठ मिळवून 'अंदाजे' भरायचे. सगळेच भरायचे आणि साहेबांनाही ते ठाऊक होतं. मामांनी तीस वर्षांत एकदाही अंदाजे लिहिलं नाही.

"अहो, कोण बघतंय?" मी चिडवायचे. "लिहा ना आठ. त्या घरातल्या बाईला तरी कुठे माहीत असतं, तिने किती पाणी वापरलं ते!"

"मीटरला माहीत असतं ना, बाई," मामा म्हणायचे आणि निवांत चहात बिस्किट बुडवायचे.

त्या दुपारच्या चहाला माझा एक खेळ असायचा. दिवसभरात खिडकीवर आलेल्या माणसांच्या मी नकला करायचे. माझी एक नक्कल तर महिनाभर गाजली. एक माणूस आला होता, चाळिशीचा, डावी भुवई मधोमध तुटलेली. कारखान्यामागच्या गल्लीतल्या कुठल्याशा घराचा नंबर सांगून म्हणाला, "तिथलं पाणी चालू आहे का?" मी रजिस्टर बघितलं. म्हटलं, चालू आहे. तर म्हणाला, "म्हणजे कुणी राहतं का?" जेवणाची सुट्टी व्हायला चार मिनिटं होती, डबा उघडून ठेवला होता. मी म्हटलं, "दर महिन्याला पाणी वापरलं जातंय, म्हणजे राहतंच कुणीतरी. पाणी हवेत उडून जातं का? आणि लोकांच्या घरात कोण राहतं याच्याशी तुम्हाला काय करायचंय?" तो ओशाळला. भुवई वर करून म्हणाला, "नाही, नाही. सहज विचारलं." आणि वर माझे आभार मानून गेला. मी ती तुटकी भुवई बोटाने वर ढकलून 'सहज विचारलं' म्हणायचे आणि सगळे खो खो हसायचे. मामा तर इतके हसले की चहा शर्टावर सांडला.

ही गोष्ट झाली आणि मी ती विसरून गेले. पुढे पाचेक वर्षांनी महापालिका आणि विद्यापीठ यांच्यात एक करार झाला. मामांच्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं उरली होती. शहरात रिकामी घरं किती, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. एकीकडे घरासाठी नाव नोंदवून बसलेली सातशे कुटुंबं आणि दुसरीकडे गल्लोगल्ली कुलूप लावलेली, छपरं खचत चाललेली घरं. आदल्या वर्षी अशाच एका घराची भिंत शेजारच्या खोलीवर पडून एक बाई आणि तिचं लेकरू गेलं होतं. काम चांगलं होतं. त्यात खोट काढायला जागा असती तर मी काढली असती.

विद्यापीठाने आमच्याकडून पाण्याची वीस वर्षांची रीडिंगं नेली. विजेची नेली, परत आलेल्या टपालाच्या नोंदी नेल्या, कचरा साचल्याच्या तक्रारी नेल्या. सगळं कॉम्प्युटरात घातलं आणि शहराचा एक नकाशा काढला. राहती घरं हिरवी, रिकामी असावीत असं वाटणारी लाल. आता ती लाल घरं पायी फिरून तपासायला गल्लीबोळ माहीत असलेला माणूस हवा होता, म्हणून मामांना त्या कामावर दिलं. विद्यापीठाकडून त्यांच्याबरोबर एक मुलगी यायची, संख्याशास्त्र शिकणारी, तेवीस-चोवीसची. मी तिला चष्मेवाली म्हणायचे, अगदी तोंडावर. ती हसायची. हुशार होती आणि हुशारीचा तोरा नव्हता, त्यामुळे माझी पंचाईत व्हायची.

चार महिने ती दोघं हिंडली. पहिल्याच आठवड्यात चाळीस लाल घरांतली नऊ राहती निघाली. एका घरात आजीबाई होत्या. त्यांचा नळ गंजून बंद पडलेला, त्या शेजारून बादली आणायच्या. मामा त्या मुलीला म्हणाले, "शून्य दिसलं म्हणून माणूस नाही असं धरू नकोस. आणि आकडा हलतोय म्हणून माणूस आहे असंही धरू नकोस. दर महिन्याला सारखाच हलत असेल तर समज, नळ गळतोय. माणूस राहतं तिथे आकडा वेडावाकडा येतो. कुणी आजारी पडतं, पाहुणे येतात, एकदम सगळ्या चादरी धुवायला निघतात, नवराबायको भांडतात आणि बायको आठ दिवस माहेरी जाऊन बसते. ते सगळं मीटरवर उमटतं."

मुलीने ते वहीत लिहून घेतलं. "बाई, हे आम्हाला वर्गात कुणी सांगितलं नव्हतं," असं मला येऊन सांगून गेली. तिचं काम थांबत नव्हतं. तिने घरी बसून कॉम्प्युटरला हाच प्रश्न घातला: ज्यांचा आकडा फारच सारखा येतो अशी घरं कुठली?

एका सकाळी ती धावतच माझ्या खोलीत आली. मामा तिथेच वही उतरवत बसले होते.

"मामा, अकरा सापडली! दहा तर गळतीचीच दिसतायत. पण अकरावं बघा. कारखान्यामागची गल्ली, घर नंबर सतरा. चौदा वर्षं, दर महिन्याला एक युनिट. कमी नाही, जास्त नाही. एकशे अडुसष्ट महिने! गळतीसुद्धा इतक्या शिस्तीत होत नाही. कुणीतरी मुद्दाम पाणी सोडतंय. तुमच्याच युक्तीने पकडलं!"

"काय बाई अक्कल," मी म्हटलं. "फसवायचंच तर कधी दोन, कधी तीन असं तरी करायचं!"

मामा फडक्याने आरसा पुसत होते. तो आधीच स्वच्छ होता.

"ते घर आमचं आहे," ते म्हणाले. "म्हणजे वडिलांचं. माझं आणि धाकट्याचं."

इतकी वर्षं एका किटलीतला चहा प्यायलो आम्ही. मामी गेल्या तेव्हा मी त्यांच्या घरी दोन रात्री थांबले होते. मामांना भाऊ आहे हे मला त्या सकाळी कळलं.

त्याच दुपारी आम्ही तिघं तिथे गेलो. कारखान्याच्या कामगारांसाठी बांधलेली, भिंतीला भिंत लागून असलेली बैठी घरं. सगळी गल्ली रुक्ष, धुळीची. फक्त सतरा नंबरपासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंना झाडं होती, चांगली डेरेदार. मामांनी दाराच्या चौकटीवरच्या फटीत बोटं घातली आणि किल्ली काढली.

आत दोन खोल्या. लोखंडी पलंग, त्यावर घडी घातलेलं पांघरूण. ओट्यावर दोन कप पालथे घातलेले. खुंटीला निळा स्वेटर, कोपराला विरलेला. धूळ कुठेच नव्हती. मामा दर महिन्याच्या पाच तारखेला यायचे, फरशी धुवायचे, ते दोन कप विसळायचे, मग नळाला पाइप लावून सगळ्या झाडांना पाणी घालायचे. सव्वा तासात मीटरवर एक युनिट पुरं व्हायचं. मग नळ बंद करायचा, मीटर पुसायचा, वाचायचा आणि वहीत लिहायचा.

"मामा," मुलगी हळूच म्हणाली, "वही तुमचीच होती. नुसता आकडा लिहिला असतात तरी चाललं असतं. पाणी कशाला सोडायचं?"

मामा तिच्याकडे बघतच राहिले. "खोटा आकडा लिहायचा?" ते म्हणाले.

मग पलंगाच्या कडेवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. वडील अंथरुणाला खिळलेले होते. धाकटा त्यांचं बघायचा आणि मामा नोकरी. एका दुपारी धाकट्याचा डोळा लागला. वडील उठून मोरीत गेले, पडले आणि गेले. मामा ड्युटीवरून आले आणि दारातच त्याच्यावर तुटून पडले. "बाबा तुझ्यामुळे गेले. या घरात पुन्हा तोंड दाखवू नकोस," असं म्हणाले, चार शेजाऱ्यांदेखत. धाकटा स्वेटरसुद्धा न घेता गेला. एकोणीस दिवसांनी मामा दाखला आणायला डॉक्टरांकडे गेले. तेव्हा डॉक्टर सहज बोलून गेले की पडल्यामुळे काही झालं नव्हतं. हृदय आधी थांबलं आणि मग ते पडले. कुणी जवळ उभं असतं तरी तेच झालं असतं.

"एकोणीस दिवस," मामा म्हणाले. "तेवढ्यात तो कुठच्या कुठे गेला. मी स्टेशनं पालथी घातली, त्याच्या मित्रांकडे गेलो. कुणालाच पत्ता नाही. तीन वर्षं शून्य आलं की आपलं खातं जोडणी तोडतं, घरावर बेवारस म्हणून शिक्का बसतो. तो आला आणि त्याला तो शिक्का दिसला तर? म्हणून चालू ठेवलं."

"मग तुम्हीच का नाही येऊन राहिलात?" मी विचारलं. माझा स्वर जरा चढाच होता. मला रडू येत होतं आणि ते दाखवायचं नव्हतं.

"मी राहिलो असतो तर तो दारातूनच परत गेला असता, बाई. तोंड दाखवू नकोस असं मीच म्हटलेलं. घर चालू हवं, पण आत कुणी नको. कुणी राहतंय असं कळलं, तर तो काही आत येणार नाही. स्वभावच तसा. हक्काचं काही मागायचं झालं तरी आधी अंदाज घेणार, आणि जरा कुणी डोळे वटारले की म्हणणार, सहज विचारलं."

मी मान वर केली. पलंगावरच्या भिंतीला एक फोटो होता. तरुण मामा, आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून उभा एक हसरा मुलगा. त्याची डावी भुवई मधोमध तुटलेली होती.

"ही खूण कसली?" मुलीने विचारलं.

"लहानपणी माझ्याच बॅटने लागली," मामा म्हणाले.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. चष्मेवालीला वाटलं मला ऊन लागलं. ती पाणी आणायला धावली आणि त्याच नळाचं पाणी तिने त्याच कपातून मला दिलं.

तपासणीच्या फॉर्मवर तीन चौकटी होत्या: राहते, रिकामे, सांगता येत नाही. मुलगी म्हणाली, "मामा, मी ही ओळ यादीतून काढून टाकते. मी सोडून कुणी बघितलेली नाही." तिच्या शिक्षणावर बेतलं असतं, पण ती मनापासून म्हणत होती. मामांनी फॉर्म मागून घेतला. 'रिकामे' समोर खूण केली, एकदा वाचली, पुन्हा एकदा वाचली आणि सही केली.

"सातशे कुटुंबं थांबलीयत म्हणतेस ना," ते तिला म्हणाले. "मग मी इथे कप किती वर्षं विसळणार?"

नियम असा होता की अशा घराच्या दारावर नव्वद दिवस नोटीस लावायची. वारसांपैकी कुणी आलं तर घर त्याचं; नाही आलं तर महापालिका ते दुरुस्त करून यादीतल्या कुटुंबाला राहायला देणार. नोटिशीवर दोन्ही भावांची नावं होती; आपण हक्क सांगणार नाही असं मामांनी आधीच लिहून दिलं होतं. मामांना त्या नव्वद दिवसांची मोठी आशा लागली. आपलं नाव छापलेलं वाचून तरी येईल, असं म्हणायचे. रोज ड्युटी संपली की तिथे जाऊन यायचे. एकदा त्यांनी चष्मेवालीला विचारलं, "तुमच्या त्या कॉम्प्युटरला रिकामी घरं सापडतात. हरवलेला माणूस सापडतो का गं?" तिने खरंच शोधलं. मतदारयाद्या, वीज, टपाल, जे जे हाती होतं ते सगळं चाळलं. त्या नावाची चार माणसं निघाली. मामा चौघांकडे जाऊन आले आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी कामावर वेळेवर हजर झाले.

आणि मी? मी गप्प बसले. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. सांगितलं असतं तर त्यांना एवढं तरी कळलं असतं की धाकटा आला होता, नऊ वर्षांनी का होईना, आला होता. पण त्याच्यापुढचं कसं सांगायचं? की तो विचारायला आला आणि मी डब्याच्या घाईत त्याला हाकलला? की तुमच्याच एका युनिटावर बोट ठेवून मी त्याला म्हटलं, राहतंय कुणीतरी? की मी त्याची नक्कल केली आणि तुम्ही हसलात? इतकी वर्षं कुणाला काहीही बोलायला न अडखळलेली माझी जीभ तेवढं एक बोलायला उचलेना.

नव्वद दिवस संपले. कुणी आलं नाही. घर एका कुटुंबाला मिळालं. नवरा-बायको, तीन मुली आणि म्हातारी सासू. मामांनी निळा स्वेटर आणि फोटो पिशवीत घालून आणला. ती गल्ली त्यांच्याकडेच होती, त्यामुळे पुढच्या महिन्यापासून तिथलं रीडिंगही तेच घ्यायचे. पहिल्या महिन्यात नऊ आलं, दुसऱ्यात अकरा. तिसऱ्या महिन्यात चहाच्या वेळी येऊन म्हणाले, "सतरा नंबरला एकोणीस आलंय, बाई! पाहुणे आले असणार." चेहरा आनंदलेला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी त्या दिवसापासून नकला बंद केल्या. कुणी कारण विचारलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी हार, भाषणं सगळं झाल्यावर मामा माझ्या खिडकीवर आले. आत नाही, बाहेरच्या बाजूने. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते त्या भोकातून बोलायला वाकले.

"एक काम होतं. सतराच्या पानावर एक चिठ्ठी लावून ठेवता का?"

"सांगा," मी म्हटलं आणि पेन घेतलं.

"धाकटा आला तर आधी तुमच्याच खिडकीवर येईल. तो काही थेट दार वाजवणारा नाही. त्याला माझा नंबर द्या. आणि सांगा, दादा म्हणाला, बाबा पडायच्या आधीच गेले होते. तुझी काही चूक नव्हती." ते आणखी थोडे वाकले. "आणि बाई, राग मानू नका, पण त्याच्याशी जरा गोड बोला. तो लगेच मागे फिरतो."

मी लिहिलं. त्यांनी चिठ्ठी काचेतून उलटीच वाचली, सवयच होती ती, मग हातात घेऊन सुलटी पुन्हा वाचली.

त्यानंतर मामा दीड वर्ष जगले. दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांचा फोन यायचा. कुणी आलं होतं का, असं विचारायचे. मी नाही म्हणायचे. तीस वर्षांत अंदाजेसुद्धा न लिहिलेल्या माणसाला मी दर महिन्याला ते एक उत्तर देत राहिले.

शेवटचा फोन हॉस्पिटलमधून होता. आवाज ओळखू येत नव्हता. शेजारी चष्मेवाली होती, तिने फोन त्यांच्या कानाशी धरला होता.

"कुणी आलं होतं का हो, बाई?"

मी तोंड उघडलं. त्या वेळी मी सांगणारच होते.

"नाही, मामा," मी म्हटलं.

"येईल," ते म्हणाले. "तुम्ही आहात ना खिडकीत, मग मला काळजी नाही."